दम धर, साईं

गोपसरांना मी पहिल्याच दिवशी विचारलं, "सर, हिचा टाइम किती आला?" त्यांनी मान वर करून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, "सहा चाळीस."

मला वाटलं, वयामुळे ऐकू कमी येत असेल. म्हणून जरा आवाज चढवून म्हटलं, "घड्याळातला नाही हो सर, पोहण्याचा. पन्नास मीटरचा." तर म्हणाले, "तेच सांगतो ना, अदी. सहा चाळीसला पोरगी बाहेर आला. आता टॉवेल द्या तिला, थंडी वाजतोय." गळ्यात स्टॉपवॉच लोंबत होतं, अंगठा त्याच्या बटणावरच होता, आणि हा माणूस मला भिंतीवरचं घड्याळ वाचून दाखवत होता. अदी म्हणजे सिंधीत ताई, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मला तीसुद्धा शिवीच वाटली.

पुढे माझी सई जितके दिवस त्यांच्याकडे पोहली, तितक्या दिवसांत त्यांनी मला एकदाही टाइम सांगितला नाही. मलाच नाही, कुणालाच नाही. शर्यतीसाठी पोरं तयार करणारा कोच आणि टाइम सांगायचा नाही, म्हणजे स्वयंपाक शिकवायचा आणि मीठ दाखवायचं नाही. आम्ही पालक जाळीबाहेर पत्र्याखाली बसायचो. तिथून काहींनी मोबाइलवर गुपचूप वेळ लावून बघितली. गोपसरांच्या ते लक्षात आलं. दुसऱ्या दिवसापासून ते कुठल्या पोराला भिंतीपासून सोडायचे, कुणाला मधूनच, कुणाला दोन हात मागून. मोबाइलवाल्यांचे हिशेब बोंबलले. वर म्हणाले, "टाइम कळला की आई बिघडतो. आई बिघडला की पोरगा बिघडतो. मग मी कोणाकोणाला रिपेर करू?"

सगळं जग त्यांच्या मराठीत 'तो' असायचं. आई तो, पोरगी तो, पाणी तो. पण हे मराठी त्यांनी सईसाठी म्हणून मुद्दाम काढलेलं होतं आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता.

आम्ही बदलापूरला हेंद्रेपाड्यात राहतो. सासर मूळचं नदीकाठच्या मांजर्लीचं. उल्हास नदीचं पाणी घरात शिरून गाद्या-भांड्यांसकट सगळं वाहून नेताना माझ्या सासऱ्यांनी पाहिलेलं, त्यामुळे घरातल्या पोराला पोहता आलंच पाहिजे हा त्यांचा हट्ट. सई उन्हाळी शिबिरात पोहायला शिकली आणि नुसती शिकली नाही, तर पाण्यात मासोळीसारखी वळायला लागली. शिबिराच्या बाई म्हणाल्या, हिला शर्यतीत उतरवा. कुणीतरी उल्हासनगरच्या एका ट्रस्टच्या जुन्या तलावाचं नाव सांगितलं आणि तिथल्या गोपसरांचं. सईचे बाबा अंबरनाथला कंपनीत शिफ्टमध्ये. म्हणजे भल्या पहाटे स्कूटर काढणं माझ्या नशिबी. अंबरनाथ ओलांडून उल्हासनगर, तिथून परत घर, सईची शाळा आणि मग माझी पतसंस्था. आलिया भोगासी असावे सादर.

पहिल्या दिवशी सर सईशी हिंदीत बोलायला लागले. सई मराठी शाळेतली, त्यात नवखी. हिंदी तिला समजत होतं, पण तिनं प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मराठीत दिलं. तिथली बाकीची मराठी पोरं उल्हासनगरात वाढलेली, ती आपसांतही हिंदीच झाडायची. सरांनी कौतुकानं सईकडे बघितलं. "ठीक आहे. हिच्याशी मी मराठीत बोलणार. मराठी माझा एकदम पक्का आहे. दुकानात अर्धे गिऱ्हाईक मराठी." नाव विचारलं. ती म्हणाली, "सई." ते म्हणाले, "साईं!" आणि हात जोडले. सिंधी माणूस समोरच्याला मानानं साईं म्हणतो. आमच्या आठ वर्षांच्या, पुढचे दात पडलेल्या कन्येला त्या दिवसापासून साठीच्या माणसानं साईं म्हणायला सुरुवात केली.

सरांचं आणि त्यांच्या भावाचं कापडाचं दुकान होतं, शर्टिंग-सूटिंगचं. सकाळी तलाव, मग दुकान. तरुणपणी ते कुठल्या कुठल्या स्पर्धा जिंकले होते म्हणे, पण त्याबद्दल कधी बोलायचे नाहीत. बुटके, पोट सुटलेले, पांढरा हाफ शर्ट, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पायात रबरी चपला. आणि हातात कापड मोजायचा लोखंडी गज. शिट्टीपेक्षा त्यांना तो गज आवडायचा. काठावर टणटण वाजवत ते पोरांबरोबर चालायचे. सगळं शिकवणं दुकानातलं. "हात असा पुढे टाक, जसा तागा उलगडतो. सर्र!" पाणी जोरात आपटणाऱ्या पोराला म्हणायचे, "पाणी गिऱ्हाईक आहे. त्याला मारतो का कोणी? पटवायचा असतो." आणि कुणी वाकडंतिकडं पोहत गेलं की, "अडे, कापड तिरका फाडला!"

ऐकायला मजा वाटायची, नाही कशाला म्हणू? आणि पोर सुधारत होती. दिवाळीपर्यंत सईचे हात असे पडायला लागले की पत्र्याखालचे बाकीचे पालक बोलणं थांबवून बघायचे. माझी मान आपोआप ताठ व्हायची.

माती झाली ती पहिल्या स्पर्धेत. तलावातल्या तलावात, आपल्याच मुलांची. जाऊन परत यायचं. सईनं उडी छान घेतली, जाताना पहिली, वळली तरी पहिली, परत येताना तर एवढी पुढे की मी उभी राहिले. भिंतीच्या थोडं अलीकडे पाण्यावर रंगीत झेंड्यांची एक दोरी टांगलेली असते, उताणं पोहणाऱ्याला भिंत जवळ आल्याचं कळावं म्हणून. त्या झेंड्यांखाली सई आली आणि ढिली पडली. बुडत नव्हती, धापा टाकत नव्हती. स्टँड जवळ आल्यावर रिक्षावाला कसा पाय उचलतो, तशी नुसती तरंगत तरंगत भिंतीला आली. तोवर तीन मुली हात लावून मोकळ्या.

पहिली वेळ, घाबरली असेल, म्हणून सोडून दिलं. पण दुसऱ्या खेपेला तेच. तिसऱ्या खेपेला तेच. झेंड्या आल्या की सई संपली. आणि काठावर गोपसर गज आपटत जिवाच्या आकांतानं ओरडायचे. पत्र्याखाली आम्हाला त्यातलं "दम, साईं, दम!" एवढंच ऐकू यायचं. ते जितके ओरडायचे तितकी ही मंद व्हायची. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

"काय झालं सर?" मी विचारायचे. सर मान हलवायचे. "कपडा फर्स्ट क्लास. रंग पक्का. पण शेवटी कटपीस होतो."

कटपीस म्हणजे ताग्याच्या शेवटी उरलेला तुकडा, जो अर्ध्या भावानं काढून टाकतात. माझ्या पोरीला हा माणूस कटपीस म्हणाला! मी घरी येऊन भांडी आपटली. मग मात्र कामाला लागले. सकाळी अंडी, शाळेत खजूर, संध्याकाळी नाचणीचं सत्त्व. रक्त तपासलं, लोह बरोबर निघालं. सासऱ्यांनी अनुलोम-विलोम सुरू केलं. कुणी सांगितलं शिडी चढायला लावा, तर बिल्डिंगचे जिने चढवले. डॉक्टर म्हणाले, "अहो, हिचं हृदय घोड्याचं आहे, तुम्ही स्वतःचं बीपी बघा." एवढं करून झेंड्या आल्या की पुन्हा पालथ्या घड्यावर पाणी.

पत्र्याखाली निकाल लागून गेला होता. हितेश नावाच्या एका मुलाची आई माझ्या शेजारी बसायची. मनानं वाईट नव्हती, पण जिभेला हाड नाही. म्हणाली, "भाभी, बच्ची अच्छी है, पर दम नहीं है उसमें. किसी किसी में होता ही नहीं." सई टॉवेल गुंडाळून मागेच उभी होती. तिनं ऐकलं.

त्यानंतर पोर बदलली. आधी गजर व्हायच्या आत उठून बसणारी, आता पोट दुखतं म्हणायला लागली. स्कूटरवर मागे बसून अंबरनाथ येईपर्यंत बडबड करायची, ती गप्प. एकदा शाळेत धावण्याच्या शर्यतीत नाव द्यायचं होतं, तर बाईंना म्हणाली, मला दम नाहीये. बाईंनी मला बोलावून विचारलं, हिला दमा आहे का? पोहणं गेलं खड्ड्यात, पोर आयुष्यभर हे पाठीवर घेऊन हिंडणार की काय, या विचारानं मला रात्री झोप लागेना.

सरांशी मी भांडले. सरळ म्हटलं, "तुम्ही काठावरून ओरडता, त्यापेक्षा तिला समजावून सांगा ना." ते दुखावले. "रोज सांगतो. सगळ्यात जास्ती तिलाच सांगतो. मराठीत सांगतो! बाकीचा पोरगा एकदा ऐकतो, हा साईं ऐकतच नाही." आणि गजानं काठावर ठक्कन आवाज करून निघून गेले. आता अशा माणसापुढे काय करायचं? मी हात टेकले. वर्ष संपलं की नाव काढायचं, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी मी पोळ्या करत होते. सईला भूक लागलेली, ती पहिल्याच पोळीला हात घालायला लागली. तवा तापलेला. मी म्हटलं, "दम धर गं जरा, हात भाजेल." सई थांबली आणि वैतागून म्हणाली, "तू पण गोपसरांसारखीच. ते पण सारखं दम धर दम धर करतात."

"कधी?"

"रोज. झेंड्या आल्या की दम धर, असं सांगितलंय मला. मी धरते, तरी ओरडतात. बाकीच्यांना नाही सांगत दम धरायला, म्हणून ते पुढे जातात. मला एकटीलाच का थांबवतात गं?"

पोळी जळली. सईचा हात धरून मी तशीच ओट्याला टेकले. कुणी म्हणेल हसायला आलं असेल. अजिबात नाही. शर्यतीत शेवटच्या टप्प्यात श्वास घ्यायला तोंड वळवलं की वेग कमी होतो. म्हणून कोच पोरांना सांगतात, शेवटी श्वास घेऊ नका, कोंडून धरा. बाकीच्या पोरांना सर हिंदीत सांगत होते, सांस रोक. आणि आमच्या साईंसाठी खास आपलं पक्कं मराठी वापरून, दम धर! माझी पोर बिचारी आज्ञाधारक. ज्या घरात दिवसाला पन्नास वेळा दम धर म्हणजे थांब, त्या घरातली. थांबत होती. सर ओरडले की आणखी थांबत होती.

दुसऱ्या दिवशी मी जाळीच्या आत घुसले. पालकांना तिथे मज्जाव होता. सर गज घेऊन अंगावरच आले. मी म्हटलं, "सर, तुम्ही सईला झेंड्यांपाशी काय सांगता?"

"दम धर."

"दम धर म्हणजे काय?"

"दम पकड. सांस बंद. तुमाला मराठी येत नाही काय?"

असा राग आला म्हणून सांगू! मी सईला म्हटलं, "इथून त्या टोकापर्यंत चालत जा." ती निघाली. मध्येच मी हाक मारली, "सई, दम धर!" ती जागच्या जागी उभी राहिली. सरांनी माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. विश्वास बसेना. स्वतः म्हणाले, "साईं, चल." ती चालू लागली. "दम धर." उभी. पुन्हा, "चल. दम धर." उभी. गज बगलेत मारून सर बाकावर बसले.

"अडे राम," ते म्हणाले. "पूरा साल मी या पोरीला ब्रेक मारत होतो."

मग त्यांनी शिट्टी घेतली आणि इतकी जोरात वाजवली की सगळी पोरं पाण्यातून बाहेर आली. जाळीबाहेरच्या पालकांनाही आत बोलावलं. सकाळची वेळ, सगळ्यांना शाळा-ऑफिस गाठायचं, कुरकुर सुरू झाली. सरांनी सईला शेजारी उभं केलं. ती ओली, कुडकुडत होती, म्हणून स्वतःचा टॉवेल तिच्या खांद्यावर टाकला. आणि हिंदी-मराठीची खिचडी करत म्हणाले, "सब लोग सुनो. गेल्या साल मी बोललो, साईं कटपीस होतो. तुम्ही लोग बोलले, साईंमध्ये दम नाही. ते झूठ आहे. मी तिला गलत शब्द सांगितला, साईं बरोबर ऐकला. गलती गोपची. साईंचा दम फुल आहे. ज्याने ज्याने दुसरं काही बोललं, त्याने वापस घ्या. सगळ्यात पहिला मी वापस घेतो." आणि एवढ्याशा मुलीसमोर कान पकडले. हितेशची आई मोबाइलमध्ये बघायला लागली.

सई लाजून लाल झाली होती, पण तिची मान वर होती. माझा राग मात्र उतरला नाही, हे मी खरं सांगते. माणूस मोठ्या मनाचा, कबूल. पण माझी नाचणी, माझे जिने, तिचं ते पोट दुखणं, हे कुणी वापस घ्यायचं?

मग नवीन शब्द शोधायची शर्यत लागली. सर म्हणाले, "धर नको तर काय बोलू? दम खा?" मी म्हटलं, तोही थांबच. "दम घे?" म्हणजे बसून विश्रांती. "दम काढ?" कळ काढ, म्हणजे पुन्हा थांबच. "दम दे?" ती धमकी. सर चिडले. "तुमच्या मराठीत दमाचं सगळं थांबायचंच काय? पुढे जायचा एक पण नाही?" मी सुचवलं, श्वास रोखून धर. ते म्हणाले, "इतकं बोलेपर्यंत रेस संपून मेडल वाटून होतो." शेवटी सईच म्हणाली, "आई दूध पिताना सांगते ना, एका दमात पी. तसं म्हणा." सरांनी गज वर उचलला. "एका दमात! वाह साईं!"

मला वाटलं, झालं. गाठ सुटली. आता पोर सुसाट सुटणार.

कसलं काय! पाण्यात उतरली की डोक्याला कळायचं, पण हातांना कळायचं नाही. झेंड्यांची सावली अंगावर आली की हात आपोआप मंद. वर्षभर जे गिरवलं ते असं एका शब्दानं पुसलं जात नाही. मी कपाळावर हात मारून घेतला. सरांना मात्र नवल वाटलं नव्हतं. "कापडाला एकदा घडी पडला ना, अदी, तो इस्त्रीनं पण लगेच जात नाही. पाणी मारायचा, ठेवायचा, परत पाणी मारायचा. घाई केली तर कापड जळतो."

आणि त्यांनी काय करावं? सईचं पूर्ण पोहणं बंद. रोज तिला झेंड्यांपाशी पाण्यात उतरवायचे आणि तिथून भिंतीपर्यंत पोहायला लावायचे. बस. परत चालत झेंड्यांपाशी, परत भिंत. "एका दमात!" गज टण्ण. परत. बाकीची पोरं इकडून तिकडे फेऱ्या मारतायत, उड्या शिकतायत, आणि माझी पोर न्हाणीघराएवढ्या पाण्यात. त्यासाठी मी अंधारात उठून अंबरनाथ ओलांडून येत होते. पोरं हसायची. सई मात्र कधी नव्हे ती हसत पोहायची, कारण सर तिच्याबरोबर प्रत्येक वेळी काठानं पळायचे. त्या वयात, त्या पोटासकट, रबरी चपलांत. भिंतीपाशी पोहोचले की दोघं एकदमच धापा टाकायचे. सर म्हणायचे, "बघ साईं, कोणाचा दम संपला? गोपचा!"

जिल्ह्याच्या निवडीची वेळ आली. मी नाव द्या म्हणून मागे लागले. सरांनी नाही दिलं. "अजून घडी आहे."

"सर, थोडीशी असेल. पण बाकीचं अंतर ती आरामात मारते."

"घडीवाला कापड मी काउंटरवर ठेवत नाही."

"ती कापड नाहीये, सर!" मी ओरडलेच. "माझी मुलगी आहे! एक वर्ष तुमच्या मराठीत गेलं, आता दुसरं तुमच्या इस्त्रीत घालवू?"

सगळे बघत होते. सर शांतपणे म्हणाले, "अदी, परत हरला ना, तर तिला परत वाटणार दम नाही. मग तो घडी मला नाही काढता येणार." त्यांचं बरोबर होतं की नव्हतं, हे मला आजही ठरवता येत नाही. तेव्हा मात्र वाटलं होतं, हा माणूस कधीच नाव देणार नाही, कधीच टाइम सांगणार नाही, आणि पोर झेंड्यांपाशीच म्हातारी होईल. स्कूटरला किक मारताना मी बडबडत होते, आणि सई मागून म्हणाली, "आई, दम खा ना जरा." मला हसू आवरेना, आणि त्याचाही राग आला.

लग्नसराईचे दिवस होते. एका पहाटे आम्ही तयार होऊन खाली उतरलो आणि पालकांच्या ग्रुपवर मेसेज आला, आज तलाव बंद. मी चिडून म्हटलं, "एवढं उठवून आता सांगतात! काल रात्री सांगता येत नव्हतं?" सईची बॅग पुन्हा जिन्यावरून वर नेत होते, तोवर दुसरा मेसेज आला. आदल्या संध्याकाळी दुकानात गिऱ्हाईकाला कापड दाखवताना गोपसर गादीवर बसले ते उठलेच नाहीत. हृदय बंद पडलं.

मी जिन्यातच बसले. रडू येण्याआधी राग आला, हे विचित्र वाटेल, पण आला. काम अर्धं टाकून गेला हा माणूस. वर्षभर माझ्या पोरीला दम धर, दम धर म्हणून ओरडला, आणि स्वतःला एवढासा दम धरवला नाही? एक घडी राहिली होती. फक्त एक.

सईला कसं सांगायचं ते मला कळेना. तिनंच विचारलं, "सर दमले का?" मी हो म्हटलं. पगडीच्या दिवशी, म्हणजे त्यांच्यातल्या बाराव्याच्या विधीला, आम्ही उल्हासनगरला गेलो. हॉल भरलेला होता. त्यांच्याकडे पोहायला शिकलेली कितीतरी मोठी माणसं, काहींची पोटं सरांसारखीच सुटलेली, रांगेत उभी होती. सई पूर्ण वेळ माझा हात घट्ट धरून होती आणि बाहेर आल्यावर चप्पल घालताना रडली.

महिनाभरानं नवीन कोच आले. तरुण, तरतरीत, इंग्रजी-हिंदी बोलणारे. त्यांनी पहिल्याच दिवशी पांढरा फळा लावला आणि प्रत्येक पोराचा टाइम लिहायला सुरुवात केली. पत्र्याखाली आनंदीआनंद. मी सईच्या नावासमोरचा आकडा बघितला आणि खरं सांगू, मला काही वाटलं नाही. त्यांनी सईला पहिल्या दिवसापासून पूर्ण अंतर पोहायला लावलं आणि जिल्ह्याच्या पुढच्या स्पर्धेला नाव दिलं. मी त्यांना सांगायला गेले होते, सर, झेंड्यांपाशी हिला जरा सवय आहे... ते म्हणाले, "मॅडम, डोन्ट वरी, वो स्टॅमिना से आ जाएगा."

स्पर्धेच्या दिवशी मी कठड्याला धरून उभी होते. सईनं उडी घेतली, गेली, वळली, परत निघाली. दुसरी होती. पहिलीच्या जवळ जवळ येत होती. माझ्या तोंडून "एका दमात!" निघालं, तेही इतकं मोठ्यानं की पुढची माणसं वळली. झेंड्या आल्या. आणि हात मंद झाले. पूर्वीइतके नाही, एक-दोन हातच, मग तिनं डोकं खाली घातलं आणि झपाझप भिंतीला लागली. पण तेवढ्या एक-दोन हातांत दोघी पुढे गेल्या. चौथी. निवड तिघींची होती.

मी कठडा सोडला नाही. चिडले होते, सगळ्यांवर. फळ्यावर, झेंड्यांवर, गोपसरांवर, देवावर. पोर बाहेर येईल, आता रडेल, आता पुन्हा ते सुरू होईल, पोट दुखणं आणि गप्प बसणं, आणि या वेळी कान पकडणारं कुणी नाही, असा विचार करत मी टॉवेल घेऊन खाली धावले.

नवीन सर माझ्या आधी पोहोचले होते. सई काठावर उभी, टोपी काढत. ते तिच्या खांद्यावर हात ठेवून समजुतीच्या सुरात म्हणत होते, "कोई बात नहीं बेटा. दम थोड़ा कम पड़ गया."

सईनं टोपी पिळली. तोंडावरचं पाणी पुसलं. आणि माझी पोर, जी कधी मोठ्या माणसाला उलट उत्तर देत नाही, ती त्यांच्याकडे वर बघत स्पष्ट मराठीत म्हणाली, "नाही सर. माझा दम फुल आहे. फक्त घडी पडलीये. ती जाते हळूहळू."

सरांना काही कळलं नाही. ते माझ्याकडे बघायला लागले. मी तिला टॉवेलमध्ये गुंडाळलं.